हजेरीपटावरचं नाव

बुलढाणा जिल्ह्यात कोळसा नाही. उत्तरेला सातपुड्याचा पायथा, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा, मध्ये पूर्णेचं काळ्या मातीचं खोरं आणि लोणारचं खारं पाणी, असा हा जिल्हा. कोळशाचे थर विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, वर्धा, पैनगंगा आणि कन्हान या नद्यांच्या काठाला आहेत. पण त्या टोकाचा कोळसा या जिल्ह्याच्या पोटातून जातो. बल्लारपूर, घुग्घुस, माजरीकडून भरून निघालेल्या मालगाड्या वर्धा, बडनेरा, अकोला करत येतात आणि शेगाव, जलंब, नांदुरा, मलकापूर ओलांडून भुसावळच्या दीपनगरकडे, तिथून पुढे नाशिकच्या एकलहऱ्याकडे जातात. एका गाडीला ५८-५९ वाघिणी आणि त्यांत चार हजार टनांच्या आसपास कोळसा. शेगावहून अकोल्याकडे निघालं की पारसची धुराडी दिसतात. ते औष्णिक केंद्र अकोला जिल्ह्यात, पण वीज सगळ्यांची.

हा कोळसा काढणाऱ्या माणसांची संघटना कशी उभी राहिली, ही हकीकत आपल्या पश्चिम वऱ्हाडात फारशी कुणी सांगत नाही. आपल्याकडे कापसाचा इतिहास सांगितला जातो. खामगावच्या बाजाराचा, जिनिंग-प्रेसिंगचा, गठाणींचा. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले आणि त्यांच्या हस्ते जलंब-खामगाव हा छोटा रेल्वेफाटा सुरू झाला, हे खामगावचे जुने लोक अभिमानाने सांगतात. कापूस मुंबईला न्यायचा तर इंजिन हवं, आणि इंजिनाला कोळसा. त्याच दशकात सरकारने वरोऱ्याला खाण सुरू केली आणि वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रेल्वे नेली. एकाच फाट्यावर हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा. वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद पडली, पण तोवर बल्लारपूरला काम सुरू झालं होतं. पुढे घुग्घुस आणि वणीजवळचं राजूर. नॅरोगेज रेल्वे पोचल्यावर छिंदवाड्याच्या पेंच खोऱ्यातही परासियाच्या आसपास एकामागून एक खाणी उघडल्या.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. तेव्हापासून १९५६ पर्यंत बुलढाणा, चांदा (आजचं चंद्रपूर) आणि छिंदवाडा यांचा सरकारी कागद नागपूरच्या एकाच सचिवालयात जात होता. प्रांत एक असल्यामुळे इथल्या कोळसा कामगारांची चळवळही सुरुवातीपासून चांदा-छिंदवाडा मिळून घडली. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, पेंच आणि कन्हान मध्य प्रदेशात राहिले, चांदा महाराष्ट्रात आला. संघटनांची मुख्य कचेरी मात्र बहुतेकांनी नागपुरातच ठेवली. पुढे आलेल्या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालयही तिथेच आहे.

खाणीत उतरणारी माणसं कोण होती, हे समजल्याशिवाय संघटनेची अडचण समजत नाही. स्थानिक गोंड होते, आसपासचे भूमिहीन होते. पण मोठा भरणा बाहेरचा. छत्तीसगढचे होते, तेलंगणच्या बाजूचे होते, आणि दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा सरकारने खास यंत्रणा उभारून गोरखपूरकडून मजूर आणले. त्यांना कोळसापट्ट्यात आजही 'गोरखपुरी' म्हणून ओळखतात. त्यांच्या छावण्या वेगळ्या, मुकादम वेगळे, मजुरीचा हिशेब वेगळा. ज्याची सोय मालकाच्या छावणीत, जेवण मालकाच्या भांड्यात आणि परतीचं तिकीट मालकाच्या हातात, त्याने संघटनेची पावती फाडायची कशी? एका चानकात चार भाषा बोलल्या जायच्या. चानक म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर. चंद्रपूरच्या खाण वसाहतींत आजही सकाळच्या पाळीला मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि तेलुगू एका दमात कानावर पडतात.

मजुरी टबावर मिळायची. टब म्हणजे रुळावरची लोखंडी गाडी. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीने टब भरायची. टब काठोकाठ भरला नसेल तर पैसे कापले जायचे, आणि तो भरला की नाही हे ठरवायचा मालकाचा माणूस. वर ठेकेदार. कामगाराचं नाव कंपनीच्या वहीत असेलच असं नाही. किती माणसं खाली गेली हे ठेकेदाराला ठाऊक, आणि कधी कधी त्यालाही नाही.

देशातल्या कामगार चळवळीने कोळसा लवकर ओळखला होता. आयटक या कामगार महासंघाचं दुसरंच अधिवेशन १९२१ साली झरियाच्या कोळसापट्ट्यात झालं. नागपूरचा वाटा मोठा आहे, पण तो फुटीपासून सुरू होतो. १९२९ च्या अखेरीस आयटकचं अधिवेशन नागपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी आदी नेमस्त मंडळी तिथून बाहेर पडली आणि त्यांनी वेगळा महासंघ काढला. विदर्भातल्या कामगार संघटनांच्या अंगणात इतक्या रंगांचे झेंडे का, असं कुणी विचारलं तर या अधिवेशनापासून सांगायला सुरुवात करावी लागते.

आणखी तीन नावं. नागपूरच्या गिरणी कामगारांचे नेते रा. स. रुईकर डिसेंबर १९४८ मध्ये स्थापन झालेल्या हिंद मजदूर सभेचे पहिले अध्यक्ष. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत जन्मलेले दत्तोपंत ठेंगडी २३ जुलै १९५५ रोजी स्थापन झालेल्या भारतीय मजदूर संघाचे संस्थापक. आणि नागपुरात शिकलेले, १९५७ साली नागपुरातून विधानसभेवर निवडून गेलेले अर्धेंदू भूषण बर्धन पुढे आयटकचे सरचिटणीस झाले. तीन वेगळ्या विचारांच्या देशव्यापी महासंघांचे धुरीण या एवढ्याशा टापूने दिले. याचं एक कारण मला असं वाटतं की इथे गिरणी, रेल्वे, विडी आणि कोळसा हे चारही उद्योग हाकेच्या अंतरावर होते आणि कार्यकर्ता एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर सहज जाऊ शकायचा.

कोळशाच्या कामगाराकडे सरकारने माणूस म्हणून पाहायला सुरुवात केली ती महायुद्धाच्या काळात, आणि या भागाशी त्याचा थेट संबंध आहे. बायकांनी भूमिगत खाणीत काम करण्यावर १९२९ पासून टप्प्याटप्प्याने बंदी येत गेली आणि महायुद्धाआधी ती पूर्ण झाली. हेतू चांगला होता, पण टोपली उचलणारी बायको वर राहिल्यावर घरातली निम्मी मिळकत गेली. १९४३ मध्ये कोळशाची टंचाई इतकी झाली की सरकारने बंदी उठवली. ती आधी उठली मध्य प्रांत व वऱ्हाडात, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. बंगाल, बिहारचा नंबर नंतर लागला. म्हणजे पेंच आणि चांद्याच्या बायका देशात सर्वांत आधी पुन्हा खाली उतरल्या.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. देशभरातून, परदेशातूनही टीका झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या प्रश्नावर चर्चा झाली आणि बाबासाहेबांना निर्णयाचं समर्थन करावं लागलं. हा आणीबाणीचा तात्पुरता उपाय आहे, बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, साडेपाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बोगद्यात त्यांना काम दिलं जाणार नाही, अशी त्यांची बाजू होती. समान मजुरीची ही अट त्या काळच्या मालकांना झोंबणारी होती. बंदी १ फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू झाली.

या निर्णयाबद्दल बाबासाहेबांना दोष देणारे आजही भेटतात. मला तो दोष पटत नाही, कारण त्याच महिन्यांत त्यांनी काय केलं हेही समोर आहे. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले, भुलनबरारी कोळशाच्या खाणीत सुमारे चारशे फूट खाली उतरले, कामगार कसा कोळसा तोडतो ते पाहिलं, मजुरांच्या राहायच्या खोल्या पाहिल्या. आणि जानेवारी १९४४ च्या अखेरीस कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर, आणि त्या पैशातून कामगारासाठी दवाखाना, पाणी, घर, शाळा. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. पाठोपाठ १९४८ मध्ये भविष्य निर्वाह निधी आणि बोनसचा कायदा आला. बोनस हजेरीवर. इथे एक गोष्ट आपोआप घडली: निधी मिळवायचा, बोनस घ्यायचा तर आधी हजेरीपटावर नाव हवं. ज्याचं नाव ठेकेदाराच्या डोक्यात होतं पण वहीत नव्हतं, त्याला यातलं काहीच मिळत नव्हतं. संघटनांना लढायला एक नेमकी जागा मिळाली. 'नाव चढवा' ही मागणी पगारवाढीच्या मागणीइतकीच मोठी झाली.

स्वातंत्र्यानंतर कोळसापट्ट्यात सर्वांत आधी बस्तान बसवलं ते इंटक या महासंघाने. तिचा राष्ट्रीय कोयला खदान मजदूर संघ पेंचपासून बल्लारपूरपर्यंत पसरला. आयटकचा संयुक्त खदान मजदूर संघ, हिंद मजदूर सभेची कोयला श्रमिक सभा, भारतीय मजदूर संघाचा भारतीय कोयला खदान मजदूर संघ आणि १९७० नंतर सीटूची लाल झेंडा युनियन अशी पाच घरं उभी राहिली. नावं सगळी हिंदीत आहेत आणि ते साहजिकच आहे, कारण एका चानकात सगळ्यांना कळणारी भाषा तीच.

१९५६ च्या मजुमदार निवाड्याने देशभरच्या कोळसा कामगारांच्या मजुरीला पहिल्यांदा एक सांगाडा दिला. १९६७ मध्ये वेतन मंडळाच्या शिफारशी आल्या. कागदावर दर वाढले. खासगी मालकांनी ते सगळीकडे दिले असते तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. अनेक ठिकाणी निधीची वर्गणी कामगाराकडून कापली गेली पण भरली गेली नाही, आणि ठेकेदारी चालूच राहिली.

या काळातल्या एका दिवसापाशी थांबायला हवं. १० डिसेंबर १९५४. पेंच खोऱ्यातली न्यूटन चिकली खाण. शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या पोकळ जागेतलं पाणी कामाच्या जागेत घुसलं आणि ६३ माणसं खाली अडकून मेली.

हे कसं घडतं ते सांगतो. भूमिगत खाणीत कोळशाचा थर चौकोनी खांब सोडून कोरत नेतात. खांब छत पेलतात, मधले बोगदे म्हणजे गॅलऱ्या. थर संपला किंवा खाण सोडून दिली की त्या पोकळीत पाणी साचतं, वर्षानुवर्षं. तिचा नकाशा जपून ठेवलेला नसेल, किंवा चुकीचा असेल, तर शेजारून नवं काम करणाऱ्याला आपण भिंतीपलीकडच्या तळ्याच्या किती जवळ आलो हे कळत नाही. भिंतीतून आधी झिरपू लागतं. जुना कामगार ते ओळखतो. त्याने काम थांबवायचं म्हटलं तर मजुरी जाते, आणि ठेकेदाराचा मजूर असेल तर उद्याचं कामही जातं. म्हणून सुरक्षा ही तांत्रिक बाब आहे आणि संघटनेचा संबंध फक्त पगाराशी, असं मानणारे लोक खाणीच्या तोंडाशी उभे राहिलेले नसतात. काम नाकारण्याची ताकद ज्याच्याकडे नाही, त्याला कोणताही नियम वाचवत नाही.

ती ताकद रोजच्या छोट्या गोष्टींत दिसते. भूमिगत खाणीत पाळी सुरू होते ती लॅम्प रूममध्ये. प्रत्येकाचा नंबराचा बिल्ला असतो, तो देऊन टोपीवरचा दिवा घ्यायचा. दिवा आणि बॅटरी कमरेला बांधली की माणूस इन्क्लाइनच्या उतारावरून खाली. पाळी संपल्यावर दिवा परत जागेवर. पाळी सुटल्यावर रॅकवर एक जरी खाच रिकामी राहिली तर खाली कुणीतरी आहे. खाली पोचल्यावर कामाच्या तोंडाशी, फेसवर, पहिलं काम माइनिंग सरदाराचं. तो हातातल्या दांड्याने छत वाजवतो. खणखणीत वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर आतून थर सुटलेला. मग टेकू द्यायचे किंवा ड्रेसिंग करून सुटलेला दगड पाडायचा, आणि तोवर कुणी पुढे जायचं नाही. सरदाराने 'पुढे नाही' म्हटलं आणि साहेबाने उत्पादनाचा आकडा दाखवला, तर मागे कोण उभं राहणार? चांगल्या युनिटमध्ये संघटनेचा माणूस राहतो. १९८० च्या दशकात खाण नियमांत कामगार निरीक्षक आणि सुरक्षा समिती यांना जागा मिळाली. मोठ्या खाणींत कामगारांमधलाच अनुभवी माणूस तपासणी करून नोंदवहीत शेरा लिहू शकतो. संघटनांच्या कमाईत हा शेरा फारसा मोजला जात नाही. मी तो बोनसच्या वर ठेवतो.

३० जानेवारी १९७३ च्या वटहुकुमाने बिगर-कोकिंग कोळशाच्या ७११ खाणींचा ताबा सरकारने घेतला आणि १ मे १९७३ रोजी त्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. कोकिंग कोळशाच्या खाणी त्याआधीच घेतल्या होत्या. पोलाद व खाण मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी हे काम रेटलं आणि महिन्याच्या आत, ३१ मे १९७३ रोजी, विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. कामगारदिनी खाणी सरकारच्या झाल्या हे कोळसापट्ट्यात आजही अभिमानाने सांगितलं जातं.

त्या काही आठवड्यांत सगळ्यांत जास्त घाई हजेरीपटांची होती. कामगार कोण, हे ठरवणारा कागद मालकाच्या कपाटात. देशभरच्या कोळसापट्ट्यांत त्या वेळी दोन्ही प्रकार घडले: वर्षानुवर्षं कोळसा तोडलेल्यांची नावं गायब झाली, आणि कधी खाणीत न उतरलेल्यांची नावं चढली. संघटनांच्या कार्यकर्त्यांनी टबाच्या जुन्या पावत्या, निधीच्या चिठ्ठ्या, शेजाऱ्यांची साक्ष असं जे मिळेल ते गोळा करून दावे भरले. काही कार्यकर्त्यांनी याच काळात आपली माणसं भरली, हेही लपवण्यात अर्थ नाही. ज्याचं नाव लागलं त्याच्या तीन पिढ्यांचं घर उभं राहिलं. ज्याचं राहिलं तो शेवटपर्यंत युनियन कचेरीच्या बाकावर अर्ज घेऊन बसला.

१ नोव्हेंबर १९७५ ला कोल इंडिया स्थापन झाली आणि तिची उपकंपनी म्हणून नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतली 'वेकोलि'. कंपनी अठरा दिवसांची नाही होत तो, १८ नोव्हेंबरला, नागपूर जिल्ह्यातल्या सिल्लेवाडा खाणीत पाणी घुसून दहा कामगार गेले. २७ डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाला खाणीत ३७५ गेले, आणि त्या आकड्याखाली सिल्लेवाडा देशाच्या आठवणीतून पुसलं गेलं. आणीबाणी होती, संपाला वाव नव्हता, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. मालक बदलल्याने पाणी थांबत नाही, हे कोळसापट्ट्याला राष्ट्रीयीकरणाच्या तिसऱ्याच वर्षी कळलं.

तरीही जे मिळालं ते मोठं होतं. जानेवारी १९७५ पासून राष्ट्रीय कोळसा वेतन करार लागू झाला. वाटाघाटीला एका बाजूला व्यवस्थापन, दुसऱ्या बाजूला वेगवेगळ्या महासंघांचे प्रतिनिधी एकत्र. चंद्रपूरच्या खाणीच्या फाटकावर एकमेकांना शिव्या घालणारे लोक करारावर एका ओळीत सह्या करतात. मुंबईच्या गिरणगावात हे जमलं नाही. १९८२ च्या संपात मान्यताप्राप्त संघटना एकीकडे आणि कामगार दुसरीकडे होते. कोळशात एका टेबलावर बसण्याची सवय टिकली, आणि विदर्भातली कामगार कुटुंबं मध्यमवर्गात आली ती या करारांमुळे. वैद्यकीय सोय, क्वार्टर, कामावर मृत्यू झाला तर वारसाला नोकरी. अकरावा करार २० मे २०२३ रोजी झाला, १ जुलै २०२१ पासून, किमान हमी लाभ १९ टक्के. दिवाळीच्या आधी मिळणारी बोनसची रक्कम २०२४ मध्ये ९३,७५० रुपये होती. ती जाहीर होते त्या आठवड्यात वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेडच्या बाजारात सोनार आणि मोटारसायकलवाले उशिरापर्यंत दुकानं उघडी ठेवतात.

संघटनेचं बळ मोजायची पद्धत साधी आहे. कामगार चेक-ऑफ फॉर्मवर सही करतो, त्याने निवडलेल्या संघटनेची वर्गणी पगारातून कापली जाते. हा फॉर्म भरायच्या दिवसांत खाणीच्या फाटकावर पाचही झेंडे लागतात. गेट मीटिंग होतात. कुणाची क्वार्टर गळते, कुणाची बदली अडली, कुणाच्या वारसाची फाइल नागपुरात पडून आहे, ही सगळी कामं फॉर्मच्या आधी वेगाने हलतात. यात दलाली शिरली आहे, आणि तिच्याबद्दलचा संताप तरुण कामगार उघड बोलून दाखवतात. एकेकाळी नाव चढवण्यासाठी लढलेल्या संघटनेच्या दारात बदलीसाठी पैसे मोजावे लागत असतील, तर ती संघटना आपल्याच पूर्वजांचं कर्ज बुडवते आहे.

दरम्यान खाण बदलली. टोपली गेली, हाताने भरणारा लोडर गेला, त्याजागी यंत्रं आली. मग भूमिगत खाणीच मागे पडल्या. कोल इंडियाचा ९५ टक्क्यांहून जास्त कोळसा आता खुल्या खाणींतून येतो. दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, नीलजाई, मुंगोली, उकणी या खुल्या खाणींच्या कडेला मातीचे डोंगर उभे आहेत. ही कोळशावरची माती-दगड, ज्याला सगळे 'ओबी' म्हणतात. ती हटवल्याशिवाय कोळसा दिसत नाही. २४ जून २००० रोजी वेकोलिच्याच कावडी खुल्या खाणीत कडा घसरून दहा जण मेले. पाण्याने मरायचे ते आता मातीने मरतात.

आणि ओबी हटवायला जी माणसं डंपर चालवतात ती बहुतेक कंत्राटी आहेत. कोळशाच्या खाणीतली काही मूळ कामं, त्यांत ओबी हटवणंही आलं, कंत्राटी मजुरांकडून करून घ्यायला १ फेब्रुवारी १९७५ च्या अधिसूचनेने मनाई केली होती. ती कागदावर असतानाच हे काम बाहेरच्या कंपन्यांकडे गेलं. राष्ट्रीयीकरणानंतर कोल इंडियाच्या पटावर सहा लाखांहून जास्त कामगार होते. आता सुमारे सव्वादोन लाख आहेत. कोळसा मात्र कितीतरी पटींनी वाढला. वाढलेला कोळसा काढणाऱ्यांतला मोठा हिस्सा वेतन कराराच्या बाहेर आहे.

त्यांच्यासाठी काहीच झालं नाही असं नाही. संघटनांनी लावून धरल्यामुळे उच्चाधिकार समितीने कंत्राटी खाण कामगारांचे वेगळे दर ठरवले, कोळसापट्ट्यात त्याला 'एचपीसी रेट' म्हणतात. दर चांगला आहे. तो हातात पूर्ण पडतो का, हा खरा प्रश्न. खात्यात पैसे जमा होतात आणि त्यातले काही परत मागितले जातात, ही तक्रार जवळपास प्रत्येक कंत्राटी वसाहतीत आहे. निधीचा खातेक्रमांक नसतो, कंत्राट बदललं की नवा ठेकेदार जुना माणूस ठेवेलच असं नाही. १९५० साली टबाच्या काठाकडे बघून मजुरी कापणारा माणूस होता. आज तो बँकेच्या दाराशी उभा आहे.

खासगी खाणीचं काय होतं हे भद्रावतीजवळच्या बरांजने पाहिलं आहे. कर्नाटकच्या वीज केंद्रांसाठी कर्नाटक एम्टा कंपनी तिथे कोळसा काढत होती. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०४ कोळसा पट्ट्यांचं वाटप रद्द केलं. निकाल योग्य होता, वाटपच बेकायदा होतं. पण बरांजचं काम बंद पडलं, आणि ज्यांनी जमीन दिली होती आणि नोकरी धरली होती, ते दोन्ही गमावून बसले. पुढची वर्षं त्यांची आंदोलनांत गेली. वेकोलिचा कायम कामगार अशा वेळी शेजारच्या खाणीत बदलून जातो. फरक एका कराराचा.

म्हणून खासगी कंपन्यांना व्यावसायिक खाणकामाची वाट मोकळी करणाऱ्या कोळसा वटहुकुमाविरुद्ध जानेवारी २०१५ मध्ये पाचही महासंघांनी संप पुकारला तेव्हा तो देशभर कडकडीत झाला. सहा तारखेला सुरू झालेला हा पाच दिवसांचा संप दोन दिवसांतच चर्चेने मागे घेतला गेला. २०२० मध्ये व्यावसायिक खाणकामासाठी ४१ पट्ट्यांचा लिलाव जाहीर झाला आणि २ ते ४ जुलै असा तीन दिवसांचा संप पडला. कोरोनाचा काळ, सभांना बंदी, तरी फाटकं बंद राहिली. लिलाव थांबला नाही. संपाची ताकद आणि तिची मर्यादा एकाच आठवड्यात दिसली: कायम कामगार खाण थांबवू शकतो, पण कंत्राटी डंपर चालू राहिले तर कोळसा थांबत नाही. हे गणित सरकारला कळतं. संघटनांनाही कळतं, आणि तरी कंत्राटी कामगाराची सभासद नोंदणी कायम कामगाराच्या नोंदणीच्या आसपासही नाही.

निवृत्तांचं एक वेगळं दुःख आहे. कोळसा खाण पेन्शन योजना १९९८ ची. ती महागाई भत्त्याशी जोडलेली नाही. जो माणूस वीस वर्षांपूर्वी घरी बसला त्याची पेन्शन जवळपास तिथेच आहे, आणि परासिया-चांदामेट्याच्या जुन्या वसाहतींत आजही असे लोक आहेत ज्यांनी आधी टोपलीने आणि मग यंत्राने कोळसा भरला. वर्तमानपत्रांत बोनसचा आकडा छापून येतो, पेन्शनचा येत नाही.

बायकांचं वर्तुळही अजून पूर्ण झालेलं नाही. २०१९ च्या सुरुवातीला सरकारने बायकांना भूमिगत खाणीत दिवसा, सकाळी सहा ते सायंकाळी सात, तांत्रिक व देखरेखीच्या कामांसाठी परवानगी दिली. आता खाली उतरणारी मुलगी अभियंता असते, किंवा माइनिंग सरदारकीचं प्रमाणपत्र घेतलेली. टब भरणाऱ्या रेजेची, म्हणजे मजूर बाईची, नात हजेरीपटावर स्वतःच्या नावाने आणि पूर्ण पगाराने आली, तर १९४४ च्या चर्चेतली समान मजुरीची अट पुरी झाली म्हणायची. पण वारसा हक्काच्या नोकरीत मुलीपेक्षा मुलाचा अर्ज पुढे सरकवणारी घरं अजून भरपूर आहेत, आणि त्यांना समजावण्याचं काम कोणत्याही संघटनेच्या कार्यक्रमपत्रिकेत मला दिसलं नाही.

संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सर्व उद्योगांना लागू केली आणि ५१ टक्के सभासद असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा एकमेव अधिकार दिला. पाच घरांनी एकत्र सही करण्याची कोळशातली पद्धत या चौकटीत कशी बसणार, हा तिथल्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यात सारखा येणारा मुद्दा आहे. इंटकला अंतर्गत वादामुळे दहाव्या कराराच्या टेबलाबाहेर राहावं लागलं होतं. तेव्हा एक जागा रिकामी राहिली की उरलेल्यांचं वजन किती कमी होतं, याचा अनुभव त्यांनी घेतला आहे.

अकराव्या कराराची मुदत ३० जून २०२६ ला संपते. बाराव्यासाठी मागणीपत्र लिहिताना पाचही संघटना पगारवाढीची टक्केवारी नेहमीप्रमाणे वर ठेवतील, त्याबद्दल त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण नीलजाईच्या ओबीवर रात्रपाळीला डंपर चढवणाऱ्या कंत्राटी ड्रायव्हरचा निधी खातेक्रमांक, त्याची बदलत्या ठेकेदारांमधली सलग सेवा आणि त्याच्या सभासदत्वाची पावती, या तीन गोष्टी त्या मागणीपत्रात पहिल्या पानावर याव्यात अशी माझी मागणी आहे. वऱ्हाडातल्या वीज वापरणाऱ्या माणसाला ती करण्याचा हक्क आहे असं मी मानतो.